बंद होणारे जनुक आणि नागपूरचे सिकलसेल

विदर्भातल्या शिक्षकांना सिकलसेल हा शब्द नवा नाही. वर्गातले एखादे मूल वारंवार गैरहजर राहते, त्याचे डोळे पिवळसर दिसतात, थंडी पडली की हातपाय, पाठ दुखते म्हणून घरी जाते. आणि मग केव्हातरी कळते, की त्याला सिकलसेल आहे. बारावीच्या जीवशास्त्रात या आजाराचा उल्लेख येतो तो मुख्यतः उत्परिवर्तनाचे उदाहरण म्हणून. बीटा ग्लोबिनच्या जनुकात एका अक्षराचा बदल झाला, त्यामुळे प्रथिनातील सहावे अमिनो आम्ल ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले, त्यामुळे ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनच्या दांड्या बनू लागल्या आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी झाली. एवढे सांगून धडा पुढे सरकतो.

पण एखादा चौकस विद्यार्थी इथे अडवू शकतो. हा बदल तर गर्भधारणेपासूनच शरीरातल्या प्रत्येक पेशीत असतो. मग सिकलसेल असलेले बाळ जन्मल्यावर पहिले काही महिने ठणठणीत का असते? हातापायांच्या बोटांना येणारी ती पहिली दुखरी सूज बहुधा सहा महिन्यांनंतरच का दिसते?

हा प्रश्न दिसतो तितका भाबडा नाही. त्याचा माग काढता काढता शास्त्रज्ञ जनुकांच्या नियमनापर्यंत पोहोचले. जनुकात काय लिहिले आहे हा एक प्रश्न. ते कोणत्या पेशीत, केव्हा आणि किती वाचले जाते हा दुसरा. या दुसऱ्या प्रश्नाच्या इतिहासात नागपूरलाही एक जागा आहे आणि ती आम्हाला आपल्या वाचकांना दाखवायची आहे.

सुरुवात बरीच जुनी आहे. १८६६ मध्ये कोर्बर या संशोधकाला असे आढळले, की नवजात बाळाच्या रक्तातले हिमोग्लोबिन अल्कलीत टाकले तरी सहज बिघडत नाही. मोठ्या माणसाचे मात्र लगेच बिघडते. म्हणजे आपण जन्मतो ते एका हिमोग्लोबिनवर आणि जगतो दुसऱ्यावर. पहिल्याला गर्भीय हिमोग्लोबिन किंवा हिमोग्लोबिन एफ म्हणतात. प्रौढ हिमोग्लोबिनच्या रेणूत दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या असतात. गर्भीय हिमोग्लोबिनमध्ये अल्फा त्याच, पण बीटाच्या जागी दोन गामा. गामा असलेले हिमोग्लोबिन ऑक्सिजन अधिक घट्ट धरते, म्हणून गर्भाला वारेतून आईच्या रक्तातला ऑक्सिजन ओढून घेता येतो. जन्मानंतर ही गरज संपते. गामाचे उत्पादन ओसरत जाते, बीटाचे वाढत जाते आणि निरोगी प्रौढाच्या रक्तात गर्भीय हिमोग्लोबिन साधारण एक टक्क्याच्याही खाली येते.

१९४८ मध्ये न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या जॅनेट वॉटसन या बालरोगतज्ज्ञ बाईंनी या दोन गोष्टी जोडल्या. सिकलसेलचे जनुक असलेल्या नवजात बाळांच्या रक्तात वाकड्या पेशी फार थोड्या दिसतात, हे त्यांनी टिपले आणि गर्भीय हिमोग्लोबिन बाळाचे रक्षण करत असावे असे सुचवले. पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिकलसेलला ‘रेणवीय आजार’ म्हटले, तर १९५६-५७ मध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी ते बदललेले अमिनो आम्ल शोधून काढले. पाठ्यपुस्तकांत पॉलिंग आणि इंग्रॅम यांची नावे येतात. वॉटसनबाईंचे क्वचितच येते. आमच्या मते आज मिळणाऱ्या उपचारांचे मूळ त्यांच्या त्या छोट्या निरीक्षणात आहे. बीटाचे जनुक बिघडलेले असले तरी शेजारीच गामाचे चांगले जनुक असते. ते मोडलेले नसते, फक्त बंद झालेले असते. ते पुन्हा चालू करता आले तर?

शेजारी हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा. अकराव्या गुणसूत्रावर बीटा कुळातली पाच जनुके एका रांगेत आहेत: एप्सिलॉन, मग गामाची दोन, मग डेल्टा आणि शेवटी बीटा. गर्भाच्या पहिल्या आठवड्यांत एप्सिलॉन चालते, नंतर गामा, जन्मानंतर बीटा आणि अगदी थोडे डेल्टा. रांगेतला क्रम आणि आयुष्यातला क्रम एकच! मुलांना हे फळ्यावर काढून दाखवले की हमखास आवडते.

आता नागपूरकडे वळू. पॉलिंगच्या काळात हा आफ्रिकी वंशाच्या लोकांचाच आजार समजला जाई. १९५२ मध्ये लेहमन आणि कटबुश यांनी निलगिरीतील आदिवासींमध्ये सिकलसेलचे वाहक असल्याचे दाखवले; त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांतील मजुरांमध्येही ते आढळले. त्यानंतर १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात मध्य भारतातील सिकलसेलबद्दल दोन पानांचे टिपण आले. लेखक होते नागपूरचे आर. एन. शुक्ला आणि बी. आर. सोलंकी. हे जनुक केवळ डोंगरदऱ्यांतल्या आदिवासींपुरते नाही, मध्य भारताच्या मैदानी गावांत आणि शहरांतही आहे, हे त्यानंतर हळूहळू स्पष्ट होत गेले. हिवतापाच्या प्रदेशात हे जनुक का टिकून राहिले याचे उत्तर चारच वर्षांपूर्वी, १९५४ मध्ये, अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतून दिले होते: एका पालकाकडूनच हे जनुक मिळालेल्या वाहकाला घातक हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. विदर्भातल्या जंगलपट्ट्याला हे उत्तर चपखल बसते.

पुढची काही वर्षे भारतातल्या सिकलसेलची नोंद होत राहिली, पण जगाचे लक्ष वेधले गेले ते १९८६ मध्ये. ओडिशातील रुग्णांचा अभ्यास करून कर, सर्जंट आणि सहकाऱ्यांनी लिहिले, की इथल्या रुग्णांत गर्भीय हिमोग्लोबिनचे प्रमाण जमैकातील रुग्णांपेक्षा बरेच जास्त आहे आणि आजारही तुलनेने सौम्य आहे. सौदी अरेबियाच्या पूर्व भागातील रुग्णांबाबत असेच निरीक्षण १९७२ पासून होते. त्याच १९८६ साली कुलोझिक आणि सहकाऱ्यांनी गुणसूत्राच्या त्या तुकड्याची ठेवण तपासली, तेव्हा सौदी आणि भारतीय रुग्णांमध्ये ती सारखी, पण आफ्रिकेतील ठेवणींपेक्षा निराळी निघाली. तिला ‘अरब-भारतीय’ असे नाव पडले. हे उत्परिवर्तन आशियात स्वतंत्रपणे घडले असावे असा निष्कर्ष तेव्हा काढला गेला; २०१८ मध्ये संपूर्ण जीनोम वाचून केलेल्या एका अभ्यासाने मात्र सगळ्यांचा उगम एकच, आफ्रिकेत, असल्याचे मत मांडले. उगम कुठलाही असो, या ठेवणीत गामाच्या एका जनुकाच्या आरंभापूर्वी १५८ अक्षरांवर एक अक्षर वेगळे असते. ते जनुकाच्या मजकुरात नाही, मजकुराच्या आधीच्या जागेत आहे. प्रथिनात त्यामुळे काडीचाही फरक पडत नाही. गामा पुरते बंद न होण्याशी मात्र या अक्षराचा संबंध जोडला जातो.

इथून एक सोयीस्कर समजूत तयार झाली: भारतीय सिकलसेल म्हणजे सौम्य सिकलसेल. नागपूरच्या दवाखान्यांतले चित्र या समजुतीशी जुळत नव्हते. वारंवार रक्त चढवावे लागणारी, वेदनांनी तळमळणारी मुले तिथे येत होती.

१९९७ मध्ये मलय मुखर्जी, रोशन कोलाह आणि सहकाऱ्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. नियमनाचा धडा शिकवायला याहून चांगले उदाहरण आम्हाला तरी ठाऊक नाही. त्यांनी दोन गटांची तुलना केली: गुजरातमधील वलसाडचे आदिवासी रुग्ण आणि नागपूरचे बिगर-आदिवासी रुग्ण. दोन्ही गटांत उत्परिवर्तन तेच, गुणसूत्राची ठेवण तीच अरब-भारतीय आणि गर्भीय हिमोग्लोबिनही दोन्हीकडे चांगले वाढलेले. तरी नागपूरच्या रुग्णांचा आजार अधिक तीव्र होता. फरक सापडला तो दुसऱ्याच गुणसूत्रावर. वलसाडच्या बहुतेक रुग्णांत अल्फा साखळीच्या चार जनुकांपैकी एखादे वा दोन गळालेले होते. नागपूरच्या रुग्णांत ही गळती बरीच कमी होती. अल्फा कमी म्हणजे पेशीतले एकूण हिमोग्लोबिन कमी, म्हणजे द्रावण पातळ आणि दांड्या बनायला लागणारा वेळ अधिक. एरवी दोष वाटणारी गोष्ट इथे वलसाडकरांच्या पथ्यावर पडली. नागपूरच्या रोग्याला ती सवलत मिळाली नाही.

दुसरे एक कारण पुढे लक्षात आले. रक्त तपासणीच्या कागदावर ‘एफ २० टक्के’ असे लिहिलेले असते, ती सरासरी असते. वर्गाची सरासरी साठ गुण आली म्हणून सगळे पास झाले असे आपण कुठे म्हणतो? काही तांबड्या पेशींत गर्भीय हिमोग्लोबिन भरपूर आणि काहींत जवळजवळ नाहीच, असे असू शकते. आणि ज्या पेशीत ते नाही तिला शेजारच्या पेशीतल्या साठ्याचा उपयोग नसतो. ती वाकडी होतेच. जनुक चालू-बंद होण्याचा निर्णय प्रत्येक पेशीच्या घडणीत वेगळा होतो, हे या आजाराने फार स्पष्ट दाखवले.

मग हे बंद जनुक उघडायचे कसे? पहिली किल्ली सापडली ती एका अंदाजावर. झोपलेल्या जनुकांवर मिथाइल गटांची खूण असते, ती पुसली की जनुक जागे होईल, असे गृहीत धरून १९८२ मध्ये बबून माकडांना ५-ॲझासायटिडिन हे औषध दिले गेले. गर्भीय हिमोग्लोबिन खरोखर वाढले. त्याच वर्षी ते माणसातही वापरून पाहिले गेले. औषध मात्र फार जहाल. त्यातून कर्करोग होण्याची भीती होती. काही संशोधकांना शंका आली, की हा परिणाम मिथाइल पुसल्याने नसून, अस्थिमज्जेतल्या वेगाने विभागणाऱ्या पेशी मेल्यामुळे आणि घाईघाईने नव्या घडल्यामुळे होत असेल. तसे असेल तर मिथाइलशी काही संबंध नसलेले औषधही चालायला हवे. त्यांनी हायड्रॉक्सियुरिया घेतले. हे रक्ताच्या काही कर्करोगांत वापरात असलेले, गोळीच्या रूपात देता येणारे औषध. १९८४ मध्ये दिसले की तेही चालते! आधार चुकीचा की बरोबर हा वाद पुढे चालू राहिला, पण हाती औषध आले. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या २९९ प्रौढ रुग्णांवरील चाचणीत वेदनांच्या झटक्यांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले आणि १९९८ मध्ये तिथे या औषधाला सिकलसेलसाठी मान्यता मिळाली.

नागपुरात दीप्ती जैन या बालरोगतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न आपल्या परिस्थितीत विचारला. परदेशात डोस हळूहळू वाढवत नेतात आणि त्यासाठी वारंवार रक्त तपासावे लागते. गडचिरोली किंवा भंडाऱ्याच्या खेड्यातून येणाऱ्या कुटुंबाला दर पंधरा दिवसांनी नागपूर गाठणे जमणार नाही. म्हणून त्यांनी ६० तीव्र आजारी मुलांवर दर किलो वजनामागे दररोज १० मिलिग्रॅम असा कमी आणि ठरलेलाच डोस तपासला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे, की गर्भीय हिमोग्लोबिन वाढले, झटके घटले, रक्त चढवण्याची वेळ कमी आली. ज्यांच्यात ते आधीच बऱ्यापैकी होते त्यांनाही फायदा झाला, हे विशेष. २०१६ मध्ये जैन, सर्जंट आणि इतरांनी मध्य भारतातला सिकलसेल तीव्र असू शकतो असे निबंधाच्या शीर्षकातच लिहिले. तीस वर्षांपूर्वी ओडिशात सौम्य आजार पाहणाऱ्यांपैकी सर्जंट हे एक होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

या सगळ्या काळात जनुक बंद करणारे नेमके कोण, हे कळलेले नव्हते. जीवाणूंमध्ये असे रोखणारे प्रथिन असते हे जेकब आणि मोनो यांनी १९६१ मध्येच सांगितले होते. त्याला रिप्रेसर म्हणतात. सस्तन प्राण्यांत, तेही जन्मानंतर जनुकाला लगाम घालणारे असे प्रथिन कसे काम करते याचे एक फार सुबक उदाहरण मिळाले ते डुकरात. वाचकांना वाटेल, सिकलसेलच्या लेखात डुक्कर कुठून आले? थोडा धीर धरावा.

स्वीडनमधील उप्साला आणि बेल्जियममधील लिएज इथल्या संशोधकांनी रानडुकरे आणि पाळीव डुकरे यांच्या संकरातून एक कोडे सोडवायला घेतले होते. मांसासाठी पाळलेल्या जातींत स्नायू जास्त आणि चरबी कमी; हे कोणत्या जनुकामुळे? २००३ मध्ये उत्तर मिळाले. वाढीला चालना देणाऱ्या आयजीएफ-२ या जनुकात एका अक्षराचा फरक होता, जी च्या जागी ए. पण हे अक्षर प्रथिनाच्या मजकुरात नव्हतेच. ते जनुकातल्या न वाचल्या जाणाऱ्या तुकड्यात होते. त्या जागी एक रिप्रेसर येऊन बसतो. अक्षर बदलले की त्याला बसायला जागा राहत नाही आणि जन्मानंतरच्या स्नायूंत त्या जनुकाची प्रत तिपटीने निघते. मांस सुमारे ३ ते ४ टक्के वाढते. गंमत अशी, की या जनुकाची बापाकडून आलेली प्रतच चालते, त्यामुळे बदल आईकडून आला तर काहीच दिसत नाही. डुक्करपालकांनी जनुक हा शब्दही न ऐकता पिढ्यान्‌पिढ्या तो एक बदल निवडून ठेवला होता. २००९ मध्ये त्या रिप्रेसरची ओळख पटली. त्याचे नाव झेडबेड-६.

आता हेच चित्र गामाच्या जनुकावर ठेवून पाहा. ग्रीसमधील काही कुटुंबांत मोठेपणीही गर्भीय हिमोग्लोबिन भरपूर राहते आणि त्यांना त्याचा काही त्रास नसतो. १९८५ मध्ये त्यांच्या गामा जनुकाच्या आरंभापूर्वी ११७ अक्षरांवर एक अक्षर बदललेले सापडले. असे का होते ते तेव्हा कळेना. २००७ आणि २००८ मध्ये हजारो लोकांचे जीनोम तपासताना, गर्भीय हिमोग्लोबिनच्या कमीअधिक प्रमाणाचा संबंध दुसऱ्या गुणसूत्रावरील बीसीएल-११ए या जनुकाशी निघाला. २००८ च्या अखेरीस विजय शंकरन, स्टुअर्ट ऑर्किन आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की गामाला रोखणारा तो हाच. आणि २०१८ मध्ये स्पष्ट झाले, की बीसीएल-११ए येऊन बसतो तो गामाच्या आरंभापूर्वी ११५ अक्षरांच्या आसपास, म्हणजे ग्रीक कुटुंबांत जिथे अक्षर बदलले होते अगदी तिथेच. डुकराच्या स्नायूत आणि माणसाच्या रक्तपेशीत युक्ती एकच.

मग बीसीएल-११ए काढूनच टाकावा? तसे चालत नाही. मेंदूच्या घडणीत आणि प्रतिकारक्षमतेच्या पेशींत त्याची गरज असते. सुटका पुन्हा नियमनानेच केली. २०१३ मध्ये या जनुकाच्या आत एक छोटा पट्टा सापडला, जो फक्त तांबड्या पेशी घडताना जनुकाला जोर देतो. अशा पट्ट्याला एन्हान्सर म्हणतात. घराचा मेन स्विच न पाडता एका खोलीचाच दिवा घालवावा, तसा तेवढा पट्टा मोडायचा. रुग्णाच्या अस्थिमज्जेतल्या मूळपेशी बाहेर काढून, क्रिस्पर या कात्रीने तो पट्टा कापून, त्या पेशी परत देण्याच्या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने मान्यता दिली. सिकलसेलचे मूळ उत्परिवर्तन तिथे कोणी दुरुस्त करत नाही. ते आहे तसेच राहते. गामा चालू होतो, इतकेच.

या उपचाराची अमेरिकेतली जाहीर किंमत २२ लाख डॉलर. शिवाय नव्या पेशींना जागा करण्यासाठी आधीची अस्थिमज्जा जहाल औषधांनी रिकामी करावी लागते आणि रुग्णाला कित्येक आठवडे रुग्णालयात राहावे लागते. विदर्भातल्या रुग्णासाठी आज तरी हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल हेच जनुक चालू करण्याचे साधन आहे. ती त्याच्यापर्यंत पोहोचवण्याच्या कामात डॉक्टरांइतकाच रुग्णांच्या नातेवाइकांचा वाटा आहे. नागपुरात सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया उभी करणारे संपत रामटेके यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली ती त्यासाठीच. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट.

तपासणी जितकी लवकर तितकी चांगली, पण इथेही गर्भीय हिमोग्लोबिन आडवे येते. शाळेत किंवा शिबिरात करतात ती साधी चाचणी नवजात बाळावर फसते, कारण त्याच्या रक्तात सदोष हिमोग्लोबिन अजून फार थोडे असते. नागपूरच्या डॉक्टरांनी मुंबईच्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेच्या संशोधकांबरोबर यासाठी आधी आईची साधी चाचणी केली आणि ती होकारार्थी आली तरच बाळाच्या रक्ताचे थेंब घेऊन यंत्रावर हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे केले. त्या आलेखात एफचा सुळका उंच असतो आणि त्याच्या पायथ्याशी एसचा लहानसा उंचवटा. ज्या बाळाच्या आलेखात एफ आणि एस आहे पण निरोगी हिमोग्लोबिन ए अजिबात नाही, त्याच्या आईवडिलांना बोलावून घ्यायचे. बाळ तेव्हा हसत-खेळत असते आणि आजार आहे हे घरच्यांना पटवणे अवघड जाते. गामा पुरता ओसरण्याआधीचे ते काही महिने मात्र पेनिसिलिन सुरू करायला, लशी द्यायला आणि प्लीहा वाढली तर ती हाताने चाचपून कशी ओळखायची हे आईला शिकवायला पुरतात.